दप्तराचा विवेक : एका विद्यापीठीय अभिलेखपालाची कारकीर्द

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी घरांतून नव्या वहीची पूजा होते. कोऱ्या पानावर कुंकवाने स्वस्तिक रेखले जाते, श्रीकार लिहिला जातो, गौतमस्वामींच्या लब्धीचे आणि शालिभद्राच्या ऋद्धीचे स्मरण केले जाते. पाचच दिवसांनी ज्ञानपंचमी येते. त्या दिवशी भांडारातील पोथ्या बाहेर काढून झटकल्या जातात, वेष्टने बदलली जातात, ज्ञानाची पूजा होते. दिगंबर परंपरेत हाच मान ज्येष्ठातील श्रुतपंचमीला आहे. अक्षराला इतका आदर देणारे समाज फार नाहीत. तथापि जुन्या वहीचे पुढे काय होते, हे सहसा कोणी विचारीत नाही. ती माळ्यावर जाते आणि तेथे वर्षानुवर्षे धूळ खाते. मग कधी दुकानाची जागा बदलते, कधी भावाभावांच्या वाटण्या होतात, कधी नुसते रंगकामाचे निमित्त पुरते, आणि कीर्द, खतावणी, हुंड्यांच्या नोंदी, परगावच्या अडत्यांची पत्रे असे सारे एके दिवशी तराजूत पडते.

पोथी आणि वही यांच्या नशिबात हा फरक का पडावा? पोथी धर्माची, वही व्यवहाराची, हे उत्तर सोपे आहे. पण त्यात एक गोष्ट निसटते. पोथीच्या प्रती होतात. एका भांडारातील प्रत नष्ट झाली तरी दुसऱ्या गावी तिची बहीण सापडू शकते. वही मात्र एकच असते. ती कोणी वाचावी म्हणून लिहिलेली नसते. काम चालू असताना कामाच्या ओघात ती घडत जाते. ती गेली की त्या घराने कोणाशी, कोणत्या भावाने आणि कोणत्या विश्वासावर व्यवहार केला, याची साक्ष कायमची जाते.

कामाच्या ओघात निर्माण झालेल्या अशा कागदांना अभिलेख म्हणतात, आणि त्यांतील काय राखावे, काय सोडावे, हे ठरविणाऱ्यास अभिलेखपाल. अमेरिकेत हा एक स्वतंत्र, प्रशिक्षणाने मिळणारा पेशा आहे. त्या पेशात सुमारे दोन दशके एका मोठ्या विद्यापीठाचे दप्तर सांभाळून, ‘काय राखावे’ या प्रश्नाची मांडणीच ज्यांनी बदलली, त्या हेलन विला सॅम्युअल्स यांच्या कार्याचा हा परिचय आहे. त्यांचे नाव इकडे फारसे कोणी ऐकलेले नसेल. त्यांनी सोडविण्याचा प्रयत्न केलेला प्रश्न मात्र प्रत्येक जुन्या पेढीच्या माळ्यावर पडून आहे.

चार्ल्स नदीकाठचे दप्तर

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजेच एम.आय.टी., ही संस्था १८६१ च्या सनदेने स्थापन झाली. (पुण्यातील त्याच आद्याक्षरांची संस्था वेगळी.) प्रारंभी ती बोस्टन शहरात होती, १९१६ मध्ये चार्ल्स नदीच्या पलीकडे केंब्रिज येथे गेली. नावात ‘इन्स्टिट्यूट’ असले तरी स्वरूप पूर्ण विद्यापीठाचे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रडारवरील मोठे संशोधन तेथे झाले. युद्धानंतर सरकारी अनुदाने, उद्योगांची कंत्राटे, प्रयोगशाळा आणि समित्या यांचा विस्तार झाला, आणि त्यासोबत कागदही वाढत गेले.

१९७७ मध्ये हेलन सॅम्युअल्स या संस्थेच्या अभिलेखपाल झाल्या. ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण घेऊन त्या या क्षेत्रात आल्या होत्या. अशा पदावरील व्यक्तीचा दिवस कसा जातो, हे थोडे सांगायला हवे. कारण अभिलेखागार म्हटले की जुन्या, पिवळ्या कागदांत बसलेला विद्वान डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात या कामाची सुरुवात जुन्या कागदांपासून होत नाही. आज सकाळी कुलसचिवांच्या कार्यालयात टंकलेल्या पत्रापासून होते. कोणत्या विभागात कोणते कागद तयार होतात, ते किती वर्षे रोजच्या कामाला लागतात, किती वर्षे कायद्यासाठी ठेवावे लागतात, आणि त्यानंतर त्यांचे काय करावयाचे, याचा एक तक्ता करावा लागतो. तक्त्यातील मुदत संपली की खोकी भरून दप्तरखान्यात येतात. त्यांतील बहुतेक ठरल्या वेळी, लेखी परवानगीने आणि नोंद ठेवून नष्ट केली जातात. उरलेला लहानसा भाग कायम राखला जातो. त्या कागदांच्या गंजणाऱ्या टाचण्या काढल्या जातात, ते आम्लविरहित कागदाच्या आवरणात ठेवले जातात, उष्णता आणि दमटपणा सांभाळला जातो, आणि कोणत्या खोक्यात काय आहे याची वर्णनात्मक सूची केली जाते.

दोन नियम या पेशात फार जुने आहेत. एका कार्यालयाचे कागद दुसऱ्या कार्यालयाच्या कागदांत मिसळू नयेत, आणि ज्या क्रमाने ते मूळ कार्यालयात लावलेले होते तो क्रम मोडू नये. रोकडवहीतील पाने सुटी करून विषयवार लावली तर हिशेब लागेल काय? तेच येथे आहे. कागदाचा अर्थ त्याच्या शेजारच्या कागदावर अवलंबून असतो.

अभिलेख-व्यवस्थापक हा म्हणजे मुख्यतः नष्ट करण्याची जबाबदारी घेणारा माणूस आहे. ही गोष्ट ऐकायला विचित्र वाटते. परंतु सर्व काही ठेवणे म्हणजे काहीच न ठेवण्यासारखे आहे. ज्या ढिगात काही सापडत नाही तो ढीग असून नसल्यासारखाच. श्रावकाच्या व्रतांत परिग्रह-परिमाण सांगितले आहे, म्हणजे किती ठेवावयाचे याची मर्यादा आधी, शांत मनाने, स्वतः घालून घ्यावयाची. दप्तराच्या तक्त्यामागेही हाच विवेक आहे. जागा संपली म्हणून घाईने फेकणे हा त्याग नव्हे.

येईल ते राखावे?

या पेशात पूर्वीपासून दोन मते होती. इंग्लंडमधील हिलरी जेन्किन्सन यांनी १९२२ मधील आपल्या ग्रंथात असे म्हटले, की अभिलेखपालाने निवड करू नये. त्याने रक्षक व्हावे, न्यायाधीश होऊ नये. निवड ज्या कार्यालयाचे कागद असतील त्याने करावी. अमेरिकेतील थिओडोर शेलेनबर्ग यांच्यापुढे सरकारी कागदांचा डोंगर उभा होता. त्यांनी १९५६ मध्ये सांगितले, की निवड टळणारी नाही. कागदाचे पहिले मूल्य ज्याने तो लिहिला त्याच्या कामापुरते. दुसरे मूल्य पुढे येणाऱ्या संशोधकांसाठी. हे दुसरे मूल्य अभिलेखपालाने पारखावे.

महाराष्ट्राला ही निवड परकी नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरातील कपड्यात बांधलेल्या असंख्य रुमालांतून गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले. त्या निवडीवर आजही कितीतरी इतिहास उभा आहे. मात्र सरदेसाईंच्या निवडीनंतर मूळ रुमाल जागेवरच राहिले. चूक झालीच तर पुन्हा पाहता येते. विद्यापीठाच्या अभिलेखपालाला ती सोय नसते. त्याने सोडलेला कागद लगद्यात जातो.

सॅम्युअल्स यांच्या लक्षात आले, की जेन्किन्सन आणि शेलेनबर्ग या दोघांचीही सुरुवात कागदापासून होते. समोर ढीग आहे, त्यातून काय ठेवू? त्यांनी विचारले, की जे ढिगात कधी आलेच नाही त्याचे काय?

हे ध्यानात येण्यास एम.आय.टी.ची प्रयोगशाळा कारणीभूत झाली. शास्त्रज्ञाचा प्रसिद्ध झालेला निबंध ग्रंथालयात असतोच. पण त्यात यशाचा सरळ रस्ता तेवढा दिसतो. फसलेले प्रयोग, वाकड्या वाटा, सहकाऱ्याशी झालेला वाद, पैसे मिळविण्यासाठी केलेले अर्ज, उपकरण बिघडल्यावर तंत्रज्ञाने सुचविलेली युक्ती, हे त्या निबंधात येत नाही. आणि विज्ञान तर याच गोष्टींतून पुढे जाते. १९८५ मध्ये सॅम्युअल्स यांनी जोन हास आणि बार्बरा सिमन्स या सहकाऱ्यांसह आधुनिक विज्ञान-तंत्रज्ञानाच्या अभिलेखांचे मूल्यमापन कसे करावे, याची एक मार्गदर्शिका सिद्ध केली. तिची मांडणी कागदांच्या प्रकारानुसार नव्हती. वैज्ञानिक प्रत्यक्षात काय काय करतो, प्रश्न कसा निवडतो, पैसा कोठून आणतो, माणसे कशी नेमतो, निरीक्षणे कशी टिपतो, निष्कर्ष कसा जाहीर करतो, या पायऱ्या घेऊन प्रत्येक पायरीवर कोणता पुरावा उरतो आणि कोणता उरत नाही, हे तीत पाहिले होते. यशस्वी व्यापाऱ्याच्या चरित्रात बुडीत खात्यांचा उल्लेख नसतो, वहीत असतो. हे ज्याला ठाऊक आहे त्याला या मार्गदर्शिकेचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही.

पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, अमेरिकन अभिलेखपालांच्या मुखपत्रात त्यांचा एक लेख आला. भूतकाळावर ताबा कोणाचा, अशा अर्थाचे त्याचे शीर्षक जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘१९८४’ या कादंबरीची आठवण करून देणारे होते. लेखाचा मुद्दा असा. आजच्या काळात कोणतीही संस्था एकटी उभी नसते. एका शोधामागे विद्यापीठ असते, सरकारी खाते असते, कारखानाही असतो. कागद तिन्हीकडे विखुरतात. प्रत्येक दप्तरखाना आपापले कागद पाहतो आणि समग्र गोष्ट कोणाकडेच राहत नाही. उलट काही पत्रे पाच ठिकाणी पाच प्रतींत राखली जातात. म्हणून एखादा विषय, एखादा उद्योग किंवा एखादा प्रदेश घेऊन, त्यातील जाणकार, कागद निर्माण करणारे आणि ते वापरणारे यांनी एकत्र बसावे, कोणत्या गोष्टीची साक्ष राहिलीच पाहिजे हे आधी ठरवावे, आणि मग ती कोठे राखायची याची वाटणी करावी. जी साक्ष कागदावर नाही, ती मुलाखती घेऊन निर्माणही करावी.

१९८७ मध्ये फिलिप अलेक्झांडर यांच्यासह त्यांनी याचा एक काल्पनिक नमुना मांडला. बोस्टनभोवतीच्या १२८ क्रमांकाच्या रस्त्यालगत इलेक्ट्रॉनिक्स व संगणक उद्योगांची रांग उभी राहिली होती. त्या साऱ्या परिसराचा वृत्तांत कसा राखता येईल, याचा तो आराखडा. एखादी कंपनी बुडाली किंवा विकली गेली की तिचे दप्तर पहिल्यांदा जाते, ही अडचण तेथेही होती.

ही योजना कागदावर जितकी देखणी तितकी व्यवहारात अवघड ठरली. इतक्या संस्थांना एका बैठकीला बसवायचे कोणी आणि खर्च कोणी करायचा? समव्यवसायींनी हे आक्षेप घेतले, आणि ते खोटे नव्हते. संघकार्यात ज्याने चार गावांच्या विश्वस्तांना एका मांडवाखाली आणले असेल त्याला हे सहज पटेल. सॅम्युअल्स यांनी मूळ प्रश्न सोडला नाही. त्या पुन्हा आपल्या विद्यापीठाच्या उंबऱ्याच्या आत वळल्या.

विद्यापीठ काय करते?

१९९२ मध्ये त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. आधुनिक महाविद्यालये व विद्यापीठे यांचा पुरावा कसा राखावा, हा त्याचा विषय. अमुक विभागाचे कागद, तमुक कुलगुरूंची पत्रे, अशी नेहमीची चौकट त्यांनी बाजूला ठेवली. विभाग बदलतात, पदनामे बदलतात, एकाच पदावरील दोन माणसांचे काम सारखे नसते. स्थिर असते ते संस्थेचे कार्य. म्हणून प्रथम कार्य पाहावे, मग कागद.

विद्यापीठाची अशी सात कार्ये त्यांनी सांगितली. ते विद्यार्थ्यांना प्रवेश देऊन, त्यांची पात्रता पारखून पदवी देते, ज्ञान शिकविते, तरुणांना समाजात वावरायला तयार करते, संशोधन करते, पैसा, माणसे, इमारती, कारभार सांभाळून स्वतःला टिकविते, बाहेरच्या लोकांची सेवा करते, आणि संग्रहालये, ग्रंथालये यांद्वारे संस्कृतीचे जतन करते. ही यादी साधी दिसते. पण एकेका कार्यापुढे ‘याची साक्ष कोठे आहे?’ असे लिहून पाहिले, की दप्तरखान्यातील विषमता उघडी पडते.

पदवी देण्याची नोंद विपुल असते; ती ठेवणे संस्थेला भागच असते. कारभाराचे कागद तर फडताळे भरून वाहतात. पण शिकविण्याचे काय? विद्यापीठाचे जे मुख्य काम, त्याचीच साक्ष अधिकृत दप्तरात सर्वांत क्षीण. अभ्यासक्रमाची पत्रिका मिळते. वर्गात प्रत्यक्ष काय घडले ते कोठेच नसते. ते शोधायचे तर प्राध्यापकाची टिपणे, प्रश्नपत्रिका, आणि विशेषतः विद्यार्थ्यांच्या वह्या मिळवाव्या लागतात, ज्या कोणत्याही कार्यालयाच्या मालकीच्या नसतात. वसतिगृहातील जीवन, मंडळे, मैत्री, एकटेपण यांची तर गोष्टच नको. म्हणजे फडताळ भरलेले असणे हा पुरावा राखला जात असल्याचा पुरावा नव्हे. संस्थेला स्वतःच्या व्यवस्थेपुरते जे लागते ते आपोआप साचते. माणसांचे जे घडते ते हेतुतः गोळा करावे लागते.

हाच त्यांच्या कारकिर्दीचा गाभा होय. सॅम्युअल्स यांनी अभिलेखपालाला कोठाराच्या दारावरून उठवून संस्थेत हिंडायला पाठविले. पुढे कॅनडाचे विख्यात अभिलेखतज्ज्ञ टेरी कुक यांनी संपादिलेला निबंधसंग्रह २०११ मध्ये त्यांच्या गौरवार्थ प्रसिद्ध झाला. आपल्या क्षेत्रातील मंडळींनीच ग्रंथ अर्पण करावा, हा मान दप्तर सांभाळणाऱ्याच्या वाट्याला क्वचित येतो.

पुण्याहून गेलेला विद्यार्थी

या दप्तरांशी महाराष्ट्राचे नाते फार जुने आहे. १८८२ मध्ये केशव मल्हार भट हा पुण्याचा तरुण एम.आय.टी.मध्ये दाखल झाला. तेथे गेलेला तो पहिला भारतीय. त्याच दशकात लोकमान्यांच्या मंडळींच्या ‘मराठा’ पत्रातून या संस्थेची वाखाणणी होत होती. देशाला कारकुनांपेक्षा कारागिरी जाणणारे इंजिनियर हवेत, ही तळमळ त्यामागे होती. पुढे नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीतील इतिहासकार रॉस बॅसेट यांनी, संस्थेच्या स्थापनेपासून २००० सालापर्यंत तेथून पदवी घेतलेल्या प्रत्येक भारतीयाची सूची तयार केली, आणि तिच्या आधारे २०१६ मध्ये एक ग्रंथ लिहिला. भारतीय उद्योगाचा, धोरणाचा आणि तंत्रशिक्षणाचा बराच मोठा इतिहास त्या नावांतून उलगडतो. आदित्य बिर्ला तेथलेच, कानपूरच्या आय.आय.टी.च्या उभारणीत हात देणाऱ्या नऊ अमेरिकन संस्थांत एम.आय.टी. होती. पिढ्यान्‌पिढ्यांची नावे कोणी टिपून आणि जपून ठेवलेली नसती, तर असे पुस्तक कसे लिहिले असते?

परंतु नोंदवहीतील नाव म्हणजे केवळ नावच. बोस्टनच्या हिवाळ्यात एकोणिसाव्या शतकातील भारतीय तरुणाने काय खाल्ले, घरची पत्रे किती दिवसांनी आली, वर्गात त्याला कसे वागविले गेले, हे कोणत्याही अधिकृत रकान्यात बसत नाही. तुलनेसाठी मोहनदास गांधींचे उदाहरण घ्यावे. १८८८ मध्ये विलायतेस जाण्यापूर्वी त्यांनी बेचरजी स्वामी या जैन साधूंच्या समोर मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा घेतली. ती पाळताना लंडनमध्ये किती उपासमार झाली, शाकाहारी उपाहारगृह सापडल्यावर किती आनंद झाला, पैशापैशाचा हिशेब ते कसा लिहीत, हे सर्व जगाला ठाऊक आहे. ते ठाऊक आहे याचे कारण त्यांनी स्वतः आत्मकथा लिहिली हे होय. कोण्या विद्यापीठाच्या दप्तरातून ते कधीच मिळाले नसते. आज जैन घरांतील कितीतरी मुले-मुली परदेशी विद्यापीठांत शिकत आहेत. चौविहार आणि पर्युषण सांभाळून ती कशी राहतात, याची साक्ष कोठे उरणार आहे? फोनमधील संदेशांत. तो फोन दोन-तीन वर्षांनी बदलला जातो.

येथे दुसरीही बाजू आहे. विद्यार्थ्याविषयीचा प्रत्येक कागद राखण्याजोगा असला तरी तो उघड करण्याजोगा असतोच असे नाही. गुण, आजारपण, शिस्तभंगाची चौकशी, आर्थिक मदतीचा अर्ज या गोष्टी त्या व्यक्तीच्या आहेत. अमेरिकेत १९७४ च्या कायद्याने विद्यार्थ्याला आपली शैक्षणिक नोंद पाहण्याचा अधिकार दिला आणि ती इतरांना दाखविण्यावर बंधने घातली. म्हणून अभिलेखपालाला खोक्यावर ‘अमुक वर्षापर्यंत बंद’ असेही लिहावे लागते. पेढीवरच्या जुन्या मुनीमजींना हे शिकवावे लागत नसे. कोणाचे किती देणे आहे ते वहीत असे, ओठांवर नसे.

भांडार आणि पेढी

जैन समाजाला हे सारे सर्वस्वी नवे नाही. १९५० मध्ये मुनिश्री पुण्यविजयजी जैसलमेरला गेले आणि तेथील किल्ल्यातील ज्ञानभांडारापाशी दीर्घकाळ राहून त्यांनी ताडपत्रांची व्यवस्था लावली. एकमेकांत मिसळलेली पाने वेगळी करणे, कोणते पान कोणत्या ग्रंथाचे हे ओळखणे, मोजणे, बांधणे, सूची करणे हे काम त्यांनी आयुष्यभर पाटणसह अनेक ठिकाणी केले. त्यांच्याच प्रेरणेने आणि शेठ कस्तुरभाई लालभाई यांच्या दातृत्वाने अहमदाबादेत लालभाई दलपतभाई भारतीय संस्कृति विद्यामंदिर उभे राहिले. एका साधूची दृष्टी आणि एका व्यापाऱ्याचा पैसा एकत्र आल्यावर काय होऊ शकते, ते तेथे पाहता येते.

पण ते झाले पोथीचे. वहीचा पुण्यविजयजी अद्याप यावयाचा आहे.

वहीला काय किंमत, असे ज्यांना वाटते त्यांनी चार्ल्स नदीच्या बोस्टनकडील काठावर, हार्वर्डच्या व्यापारशिक्षण विद्यालयाचे बेकर ग्रंथालय आठवावे. इटलीतील फ्लॉरेन्सच्या मेदिची घराण्याच्या हिशेबवह्या तेथे जपलेल्या आहेत. लंडनच्या प्रख्यात दुकानाचे मालक गॉर्डन सेल्फ्रिज यांनी त्या विकत घेतल्या होत्या. लोकर, रेशीम आणि उधारी यांच्या त्या रोजच्या नोंदींवरून युरोपच्या व्यापाराचा, हुंडणावळीचा, व्यापारी भाषेचा अभ्यास उभा राहिला. लिहिणाऱ्या कारकुनाला त्याची कल्पनाही नव्हती. सोलापूर, बार्शी, लातूर, सांगली, जळगाव येथील अडत दुकानांच्या खतावण्यांतही पावसाची, दुष्काळाची, भावांची, शेतकऱ्यांच्या उधारीची अशीच गोष्ट दडलेली आहे.

कायदा या बाबतीत फार थोडे मागतो. कंपनी कायदा, २०१३ प्रमाणे हिशेबाची पुस्तके किमान आठ आर्थिक वर्षे ठेवावी लागतात. वस्तू व सेवा कराच्या कायद्याप्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने. मुदत टळली की हिशेबनीस म्हणतो, ‘आता काढून टाका’, आणि त्याच्या दृष्टीने ते योग्यच असते. सॅम्युअल्स यांची रीत लावायची तर त्या क्षणी आणखी एक प्रश्न विचारावा लागतो. या पेढीने काय काय केले? माल घेतला-विकला, हे झाले एक. तिने उधार दिले, नातलगांच्या मुलांना धंदा शिकविला, दुष्काळात धान्य वाटले, धर्मादा खाते चालविले, पांजरपोळाला आणि देरासराला वर्गणी दिली, कोणाच्या शिक्षणाचा भार उचलला. पहिल्या कामाची साक्ष दहा वह्यांत पुन्हा पुन्हा आहे. त्यांतील दर पाच वर्षांची एक ठेवली तरी पुष्कळ. धर्मादा खात्याची वही मात्र बहुधा एकच असेल. सारे ठेवणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. पण जी गोष्ट एकाच ठिकाणी लिहिलेली आहे ती तराजूत टाकण्यापूर्वी हात थांबावा.

आणि घाई आहे ती निराळ्याच कारणाने. जुन्या वह्या मोडीत आहेत, किंवा मारवाडी घरांतून मुडिया अक्षरांत, ज्यांना काना-मात्रा नसते. ‘काकाजी अजमेर गए’ असे लिहिलेले पत्र ‘काकाजी आज मर गए’ असे वाचले गेल्याचा विनोद प्रत्येक घरात सांगितला जातो. त्या विनोदावर हसणारे पुष्कळ आहेत. ती अक्षरे वाचणारे घरात बहुधा एखादेच आजोबा उरले आहेत, आणि कित्येक घरांत तेही नाहीत. विद्यापीठाच्या दप्तरखान्यात नवे खोके आले की पहिले काम त्यावर चिठ्ठी लावण्याचे असते. हे कोणाचे, कोणत्या गावचे, कोणत्या संवतापासून कोणत्या संवतापर्यंतचे, कोणत्या लिपीतले, कोणाकडून आले. आजोबांच्या शेजारी बसून एका रविवारी माळ्यावरच्या वीसएक वह्यांना अशा चिठ्ठ्या लावता येतात. पेन्सिलीने लिहाव्यात, शाई कागदाला खाते, आणि डिंकाऐवजी सुती दोऱ्याने बांधाव्यात.